उलटे शिकलेले हात

वैशाली गेल्याचं माझ्या मुलाने सांगितलं तेव्हा मी टॅबलेट चार्जिंगला लावत होते. रविवार होता ना... रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. बातमी ऐकूनसुद्धा मी वायर काढली नाही, उगाच चार्ज होऊ दिला.

वैशाली मूळची नागपूरची. मेलबर्नला शिकायला आली, तेव्हा शहरातल्या एका नाइटक्लबमध्ये लोकांचे कोट सांभाळायच्या काउंटरवर शिफ्ट करायची. पुढे पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी मिळाली, लॅबमध्ये नोकरी लागली, पण कोट टांगता टांगता आतल्या गाण्यांनी कान तयार झाले ते झालेच. आमची ओळख बुद्धवंदनेला, भाड्याच्या हॉलमध्ये. मग ती पॉइंट कुकला, शहराबाहेरच्या आमच्या उपनगरात, घरी यायला लागली. माझी नात रिया दिवसभर कोरियन गाणी लावून बसते, मी वैतागलेली. वैशालीने जरा ऐकलं आणि ओट्यावर तळहाताने ठोका धरला, धप धप धप धप. म्हणाली, "काकू, भाषा कोरियन, पण खालचा ठोका युरोपातल्या डिस्कोचा. जयंतीला आपल्या भीमगीतांखाली डीजे हाच टाकतो, तेव्हा बऱ्या नाचता."

रिया म्हणाली, "मावशी, नो वे." मग वैशालीने फोनवर एक जुनं युरोपियन गाणं लावलं, त्यावर रियाचं. ठोका तोच. मी हसत सुटले.

तिनेच सांगितलं, की इटलीत बनलेली असली वेगवान गाणी जपानात फार चालली. तिथल्या पोरी रांगेत उभ्या राहून त्यावर नाचायच्या, पाय जागच्या जागी, सगळी कला हातांत. "तुमच्या गुडघ्यांसाठीच काढलाय हा नाच," म्हणाली. ठरलं, जयंतीच्या कार्यक्रमात आम्ही दोघींनी शेजारी शेजारी उभं राहून भीमगीतावर हा हातांचा नाच करायचा. मी आयुष्यात स्टेजवर गेले नव्हते. पांढरी साडी इस्त्री करून ठेवली होती.

मग लॉकडाउन. हॉल बंद, जयंती झूमवर. पुढे पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, आणि ती त्यापलीकडे. म्हणून रविवारचे कॉल. ती तिकडे हात उचलायची, बघून मी इकडे. पुष्कळ रविवार गेल्यावर तिच्या लक्षात आलं आणि ती खुर्चीत बसून हसायला लागली. "काकू, आरशात बघितल्यासारखं शिकल्या तुम्ही सगळं. समोरासमोर ठीक आहे, पण शेजारी उभ्या राहिलो तर मला थोबाडीत बसेल." मी म्हटलं, मग आत्ताच बदलते. "राहू द्या. हॉल उघडला की शेजारी उभी राहून नीट करते."

हॉल उघडायच्या आत तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. हॉस्पिटलात भेटू देत नव्हते. ती गेल्यावर त्रिशरण-पंचशीलही आम्ही लॅपटॉपसमोर हात जोडून म्हटलं. आवाज मागेपुढे येत होता, एकही ओळ एकत्र पडली नाही... तिला ते फार खटकलं असतं.

आता रियाच्या खोलीत गाणं लागलं की ओट्यापाशी माझे हात आपोआप वर जातात. परवा रिया शेजारी येऊन वैशालीसारखे हात करायला लागली, आमचे हात एकमेकांवर आपटले. "आजी, अदर वे," म्हणाली, आणि माझा हात धरून बदलायला लागली.

मी तिला म्हटलं, "शेजारी नको गं उभी राहूस. समोर ये."

ती समोर आली. मग बरोबर जमलं.