देवाला अहो-जाहो

चर्चच्या हॉलमधली सतरंजी झटकली, तसा धूळ आणि डांबराच्या गोळ्यांचा तोच जुना वास आला.

चौदाव्या वर्षी तरुण संघात, याच सतरंजीवर, मी पहिल्यांदा मोठ्यानं प्रार्थना केली होती. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठीत मोठ्यांना 'तुम्ही' म्हणायचं, एवढं पक्कं होतं. म्हणून मी म्हणाले, "हे प्रभू, तुम्ही आमच्यावर दया करा." मागून कुणीतरी फिसकन हसलं. "देवाला अहो-जाहो? पाहुणा हाय का त्यो!" मग सगळेच हसले.

रिक्षात मी मम्मीला सांगितलं, "मी परत येणार नाही." दवाखान्यातली ड्यूटी करून ती थेट चर्चला आली होती. डोळे न उघडताच म्हणाली, "नको येऊ. घरी बोल की त्याच्याशी. तुम्ही म्हण, तू म्हण, त्याला चालतंय." तिला माझी काही पडलेलीच नाही, असं मला वाटलं.

आता तरुण संघ मीच घेते. आज तीनच मुली आल्या. त्यातली एक, आईनं बळंच पाठवलेली, खाली बघत म्हणाली, "ताई, मी प्रार्थना करणार नाही." समजावायला माझ्याकडे बरंच काही होतं, पण दिवसभराच्या कामानंतर बळ नव्हतं.

"नको करू. बस नुसती," मी म्हणाले, आणि तो आवाज मम्मीचा निघाला.

मग मीच डोळे मिटून सुरुवात केली. थकले की अजूनही तोंडातून 'तुम्ही'च निघतं. कुणी हसलं नाही.