तीन डब्यांतला रंग

बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. महिनाभर जिना चढायचा नाही, आणि दमा आहे म्हणून धुळीपासून दूर राहायचं. दर्पण कॉलनीतल्या आमच्या घरात खाली मोकळी करता येईल अशी एकच खोली होती, मागची, अडगळीची. तिची सिमेंटची जमीन इतकी उखडली होती की कितीही झाडा, राखाडी भुकटी निघतच राहायची.

सोमवारी बाबा घरी यायचे होते. नवरा दवाखान्यात त्यांच्याजवळ होता. शुक्रवारी सकाळी मी अडगळ बाहेर काढली आणि ठरवलं, जमीन रंगवून टाकू, म्हणजे धूळ बसेल.

माळ्यावर जमिनीच्या रंगाचे तीन डबे पडले होते. व्हरांड्याचा उरलेला लाल, गच्चीचा राखाडी, आणि पूर्वी वर राहणाऱ्या भाडेकरूंनी मागे सोडलेला हिरवट, ज्याचं लेबल केव्हाच निघून गेलं होतं. तिन्ही वेगळ्या कंपन्यांचे, आणि एकही खोलीभर पुरणारा नाही. नया बाजारला जाऊन नवा आणायला वेळ नव्हता, संध्याकाळी जेवण घेऊन दवाखान्यात पोचायचं होतं. मी तिन्ही डबे एका बादलीत ओतले आणि काठीने ढवळले.

आधी छान चॉकलेटी रंग दिसला. मग त्यात बारीक गुठळ्या धरू लागल्या, नासलेल्या दुधात धरतात तशा. माझी कॉलेजात जाणारी मुलगी दारात उभी होती.

"आई, ये तो फट गया. लावू नकोस ना."

"लावला की बसेल," मी म्हटलं. मला खात्री नव्हती, पण थांबले असते तर पुढे काय करायचं तेही सुचत नव्हतं. दुपारपर्यंत सगळी खोली रंगवून झाली.

शनिवारी सकाळी बोट लावून पाहिलं, तर बोट चिकटलं. पंखा लावला, खिडक्या उघडल्या. संध्याकाळीही तसंच. वर एक उग्र, आंबूस वास.

दवाखान्यात नवऱ्याने विचारलं, "खोली झाली?"

"झाली," मी म्हटलं.

बाबा पलंगावरून म्हणाले, "बेटा, माझा पलंग खिडकीपाशी लाव हं. बाहेरचं काही दिसलं की बरं वाटतं." मी मान हलवली. घरी परतल्यावर मी आधी मागच्या खोलीत जाऊन पुन्हा बोट लावून पाहिलं.

रविवारी सकाळी रंगाच्या दुकानदाराला फोन केला. त्याने दोन डब्यांवर काय लिहिलंय ते वाचायला लावलं.

"मैडम, एक पानीवाला है, एक तेलवाला. तीसरे का भगवान जाने. ये महीने भर में भी नहीं सूखेगा. खुरचना पड़ेगा."

आधी पत्तीने, म्हणजे रंगाऱ्याच्या पात्याने खरवडा, मग लाकडाचा भुसा टाकून गोळा करा, शेवटी थिनरच्या फडक्याने पुसा, असं त्याने सांगितलं. घरात गॅस पेटवू नका हेही सांगितलं. मी दम्याचं विचारलं तेव्हा म्हणाला, "उनको तो उस कमरे से दूर ही रखिए."

मी आणि मुलगी गुडघ्यांवर बसून खरवडत होतो. अर्धी खोली झाली नसेल, तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. "आजच सोडतायत. तासाभरात निघतोय."

मग मी त्याला खरं सांगितलं. सगळं, कालच्या खोट्यासकट.

"बाबांना श्वासाचा त्रास झाला तर?" एवढंच तो म्हणाला.

आम्ही खरवडणं अर्ध्यावर सोडलं आणि वास आणखी वाढू नये म्हणून थिनरला हातच लावला नाही. बैठकीतला सोफा अंगणात काढला, पलंग तिथे आणला, मागच्या खोलीचं दार लावून फटीत ओल्या चादरी कोंबल्या. आमच्याकडे गॅस बंद आहे हे कळल्यावर शेजारच्या काकूंनी न विचारता त्यांच्याकडे वरण-भात लावला.

बाबांना स्ट्रेचरवरून आत आणलं आणि ते खोकले. पुन्हा खोकले. तिसऱ्यांदा खोकल्यावर थांबेचनात. नवऱ्याने दम्याचा पंप त्यांच्या तोंडाशी धरला. मी त्यांच्या छातीकडे बघत उभी होते, ती वर होते की नाही, खाली येते की नाही. कितीतरी वेळाने श्वास मोकळा झाला.

"वास कसला आहे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. सांगताना रडू आलं.

बाबांनी बिर्ला नगरच्या कापड मिलमध्ये रंगाईखात्यात नोकरी केली होती. डोळे मिटूनच म्हणाले, "आधी वाटीभर करून बघायचं, बेटा. आणि नासलं तर कुणाला तरी सांगायचं. मला सांगितलं असतंस, मी तिथे नुसता पडूनच तर होतो."

नवऱ्याने बाबांच्या उशा नीट केल्या, मागच्या खोलीत शिरून दार आतून लावून घेतलं आणि पत्ती उचलली.

मागच्या खोलीचा वास जायला दहा-बारा दिवस लागले. पुढे तिथे मिस्त्रीने टाइल्स बसवल्या. बाबा बैठकीतच रमले, आल्यागेल्याशी बोलत. मी मात्र अजूनही ते खोकले की हातातलं काम टाकून दारात जाते. ते हातानेच 'काही नाही' अशी खूण करतात. तरी पुढचा खोकला येत नाही ना, हे पाहिल्याशिवाय माझा पाय तिथून निघत नाही.