खुंटीवरचे पॅड

एका चुकीबद्दल मी नऊ वर्षे गप्प राहिलो. ती लपवण्यासाठी मला फारसे खोटे बोलावे लागले नाही. एकच वाक्य पुरले. बाकीचे काम माझ्या वयाने आणि लोकांच्या माझ्यावरील विश्वासाने केले. ती चूक ज्याच्या माथी बसली, तो माणूस मला ‘आप्पा’ म्हणत असे. त्याच्याविषयी लिहायला बसलो आहे, तेव्हा कबुली आधी देतो: मी त्याचा मत्सर केला, आणि त्या मत्सरापोटी त्याचे नाव खराब होऊ दिले.

त्याला सगळे उजेड्या म्हणत. हे नाव मीच ठेवले होते. नंदुरबारच्या भर दुपारी, जेव्हा उन्हात डोळे उघडवत नाहीत, तेव्हा हा माणूस हातात बॅटरी घेऊन एखाद्या गाडीच्या बॉनेटवर वाकलेला असे. तो कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांदेखत म्हणालो, “हाऊ दखा, दिवसा दिवा लाई ऱ्हायना! याले उजेड्या म्हना.” सगळे हसले. तोही हसला आणि म्हणाला, “म्हना आप्पा. अंधाऱ्या म्हनतस त्यापेक्षा बरं शे.” टोमणा म्हणून दिलेले ते नाव वर्षभरात असे रुजले की लोक गॅरेजच्या दारात गाडी उभी करून विचारू लागले, “उजेड्याभाऊ शेत का?” त्या ‘भाऊ’ने माझ्या मनात पहिला चरा उमटवला.

शेठचे ते गॅरेज शहराबाहेर, मिरचीच्या पथाऱ्या ओलांडल्या की लागत असे. पत्र्याची मोठी शेड, पुढे मोकळी जागा, आणि मिरची वाळायच्या दिवसांत वाऱ्याबरोबर येणारा ठसका. मी मूळचा ब्राह्मणपुरीचा. या गॅरेजात रंगकाम करत मला अठरा वर्षे झाली होती. उजेड्या कोरीट गावचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. रोज सकाळी मोटारसायकलला भाकरीचे फडके बांधून येई. आमचे काम सांगायला सोपे होते. कोरड्या फडक्याने पुसून पुसून गाडीच्या रंगावर बारीक गोल चरे पडतात. सावलीत ते दिसत नाहीत. तिरपा उजेड पडला की कोळ्याच्या जाळ्यासारखे उठतात. आम्ही त्याला ‘जाळे’च म्हणत असू. फिरत्या मशीनला फोमचे पॅड लावायचे, त्यावर पॉलिश घ्यायचे आणि ते जाळे काढायचे.

माझी रीत जुनी होती. मशीन जोरात, पॉलिश भरपूर, आणि शेवटी रंगावर तेलकट हात. गाडी अशी चमके की मालक खिशातून रुमाल काढून स्वतःच आणखी एकदा पुसून घेई. दोन धुण्यांनंतर जाळे परत दिसू लागे, हे मला ठाऊक होते. पण तोवर गाडी गेलेली असे. उजेड्या मात्र काम संपल्यावर स्पिरिटच्या फडक्याने सगळे तेल पुसून काढी आणि मग बॅटरी लावी. मी एकदा म्हटले, “चमक पुसी टाकस काय रे?” तो मान वर न करता म्हणाला, “टक्कलले तेल लावं म्हंजे केस येतस का, आप्पा?” माझ्या डोक्यावर तेव्हाही केस कमीच होते. शेड हसून थांबेना. त्याच्या मनात तसे काही नव्हते, हे मला त्या क्षणीही कळले होते. न कळल्यासारखे करणे मला सोयीचे वाटले.

उन्हात आलेल्या गाडीला तो लगेच हात लावत नसे. तान्ह्या मुलाचे कपाळ पाहावे तसा तळहात उलटा करून तो पत्र्यावर टेकवी आणि म्हणे, “ताप शे. ऱ्हाऊ द्या.” मग गाडी सावलीत, आणि हा शेजारी मांडी घालून बसलेला. शेठ चिडत, “तुन्हा पेशंट कव्हय बरा व्हई?” तो सांगे की तापल्या पत्र्यावर पॉलिश वाळते आणि नवेच डाग पडतात. रंगावरच्या पारदर्शक लॅकरबद्दल त्याचे एक ठरलेले बोलणे होते: “दूधवरनी साय शे ती. खरडाले काय पातेलं शे का?” म्हणून दारांच्या आणि बॉनेटच्या कडांवर, जिथे ती साय सर्वांत पातळ असते, तो आधी चिकटपट्टी लावून घेई. एका बॉनेटला माझ्या दुप्पट वेळ घेई. पण काम झाले की मालकाला वाकायला लावून म्हणे, “मिशी दखा. केस मोजता येतस.” आणि खरोखर मोजता येत.

पॅडविषयी तो सोवळ्यात असल्यासारखा वागे. भिंतीवर त्याने पाच खुंट्या ठोकल्या होत्या. काम झाले की पॅड धुऊन, वाळवून, तोंड भिंतीकडे करून तो टांगी. तोंड म्हणजे रंगाला लागणारी बाजू. आमच्याकडची धूळ बसू नये म्हणून ही काळजी. आणि पॅड खाली पडले तर संपलेच. “भुईवर पडनं, म्हंजे मरी गयं,” असे म्हणून तो कात्री घेई आणि त्याचे दोन तुकडे करी, म्हणजे चुकूनही कोणी ते परत लावायला नको. त्या तुकड्यांवर आम्ही जेवायला बसत असू. नवेकोरे पॅड कापताना पाहून शेठ कपाळाला हात लावीत. पण बोलत नसत, कारण त्याच्या हातची एकही गाडी परत आली नव्हती.

माझ्या हातच्या येत होत्या. पूर्वीही येत असतील. पण पूर्वी तुलना करायला दुसरे कोणी नव्हते. काळ्या गाड्या, ज्यांवर सगळे दिसते, त्या हळूहळू त्याच्याकडे गेल्या आणि पांढऱ्या माझ्याकडे राहिल्या. घरी मी याविषयी बोलत नाही अशी माझी समजूत होती. एके दिवशी पत्नी वाढता वाढता म्हणाली, “तुम्हना ताटमा रोज उजेड्या येस. त्यालेबी एक भाकर टाकू का?” मी हसलो नाही.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी, की जेवणाच्या सुट्टीत सगळे मागच्या निंबाखाली गेले म्हणजे मी हळूच आत येत असे. त्याची बॅटरी घेत असे आणि त्याने पूर्ण केलेल्या गाडीवर एखादा तरी चरा शोधत असे. कोनाकोनातून, वाकून, गुडघ्यावर बसून. कधीही सापडला नाही. दुसऱ्याच्या कामात दोष न सापडल्याचे दुःख होते, याचा अनुभव मी तिथे घेतला.

त्या दिवशीही मी असाच आत गेलो होतो. बॅटरीने पाहून झाले, आणि मग मनात आले की याच्या पॅडमध्ये तरी असे काय आहे जे माझ्यात नाही. खुंटीवरचे एक पॅड काढून मी अंगठ्याने दाबून पाहिले. ते निसटले आणि दाराजवळच्या वाळूमिश्रित धुळीत पालथे पडले.

पुढचा प्रसंग मी अनेकदा मनात तपासला आहे. पॅड पडले तो अपघात होता. मी ते उचलले, मांडीवर दोनदा झटकले, आणि परत त्याच खुंटीला टांगले, हा अपघात नव्हता. कात्री हाताच्या अंतरावर होती. “उजेड्या, तुझे एक पॅड माझ्या हातून पडले,” एवढे म्हणणे पुरे होते. पण मग मी त्याच्या खुंटीशी काय करत होतो, हे सांगावे लागले असते. आणि खरे सांगायचे तर मनाच्या तळाशी आणखीही एक आवाज होता: होऊ दे एकदा काय होते ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका ठेकेदाराची काळी गाडी उभी होती. संध्याकाळी त्याच्या मुलाची वरात होती. नवरदेव त्याच गाडीतून जायचा होता. शेठ घड्याळ दाखवत होते. उजेड्याने कडांना पट्टी लावली, पत्र्याचा ताप पाहिला आणि खुंटीवरचे पॅड घेऊन मशीनला लावले. त्याने ते तपासले नाही. का तपासावे? पडलेले पॅड त्याच्या खुंटीवर कधी गेलेच नव्हते. मशीन सुरू झाले, बॉनेटवर दोनदा फिरले, आणि त्याने झटक्याने उचलले. “आवाज बदलना,” तो पुटपुटला. त्याने फडक्याने पुसले. काळ्या रंगावर पांढरी वर्तुळे उमटली होती, एकात एक, जणू कोणी काटेरी तारेने रांगोळी काढली होती. त्याने पॅड काढून अंगठा फिरवला आणि तो एका जागी थांबला. वाळूचा कण मोहरीएवढाही नव्हता.

ठेकेदार ओरडला, “मन्ही गाडीवर मांजर लोळनी का रे? हाऊच का तुम्हना उजेड्याभाऊ?” उजेड्याने आमच्या सगळ्यांकडे एकदा पाहिले. मग तो म्हणाला, “पॅड मन्हं शे. मी दखाले पाहिजे व्हतं.” शेठनी त्याच्या हातातले मशीन काढून माझ्या हाती दिले.

ते बॉनेट मी नीट केले. माझ्या रीतीने होणार नव्हते, म्हणून त्याच्या रीतीने केले. मशीन हळू, एका वेळी वीतभर चौकोन, आडवे मग उभे, स्पिरिटने पुसणे, बॅटरी. तो दूर उभा राहून बादलीत फडकी पिळत होता. वरातीला गाडी गेली. ठेकेदार माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “आप्पाना हात तो आप्पानाच!” त्या वेळी मला लाज वाटली असे मी लिहिले, तर ती माझी आणखी एक लबाडी होईल. मला आनंद झाला होता. लाज नंतर आली, आणि आली ती राहायलाच.

उजेड्याला शेठनी गाड्या धुण्यावर ठेवले. महिनाभर तो मुकाट्याने धूत राहिला. आखाजीच्या सणानंतर त्याने काम सोडले. जाण्याच्या दिवशी त्याने माझ्याबरोबर चहा घेतला, कप खाली ठेवला आणि अगदी सहज म्हणाला, “आप्पा, त्या दिन पॅडनं तोंड मन्हाकडे व्हतं. भितकडे नव्हतं.”

म्हणजे त्याला कळले होते. कोणीतरी ते काढून परत टांगले आहे, हे त्याला खुंटीने सांगितले होते. घाईत ते डोळ्यांना दिसूनही मनाला उशिरा पोहोचले होते. कोणी टांगले, एवढेच तो विचारत होता, आणि तेही न विचारता. त्याने माझ्यासाठी दार उघडून धरले होते. मी म्हणालो, “वारामा फिरी गयं व्हई.”

त्याने भाकरीचे फडके मोटारसायकलला बांधले. “हां,” तो म्हणाला. “वारा व्हई.” आणि मोटारसायकल सुरू केली.

तो शहाद्याला एका शेडमध्ये लागला. ठेकेदाराच्या गाडीची गोष्ट त्याच्या आधी तिथे पोहोचली होती. पुष्कळ दिवस काळी गाडी त्याच्याकडे कोणी देत नसे, असे कानावर आले. मी मात्र त्याच्या शिकवणीवर जगत राहिलो. गाडीच्या पत्र्यावर उलटा तळहात टेकवला, की तोंडून आपोआप येई, “ताप शे.” नवे गिऱ्हाईक म्हणे, आप्पांचे हे बोलणे फार छान. हे बोलणे माझे नाही, असे मी एकदाही म्हणालो नाही.

गेल्या हिवाळ्यात समजले की हातांच्या दुखण्यामुळे उजेड्याने मशीन कायमचे सोडले आणि तो कोरीटला शेतीवर परतला. मी पुढच्याच सकाळी बसने निघालो. वाटेत मनात वाक्ये जुळवत होतो: मी तुझा अपराधी आहे, मी तुझी क्षमा मागतो. शाळेत पाठ केलेल्या भाषेतली ती वाक्ये बसच्या प्रत्येक धक्क्याबरोबर अधिक परकी होत गेली. आमच्या घराघरांत बोलतात त्या अहिराणीत ‘क्षमा’ असे कोणी म्हणत नाही.

तो ओसरीवर उन्हात बसला होता. “आप्पा! या, या, बठा,” म्हणून त्याने घोंगडी सरकवली आणि आत हाक मारली, “अवं, चहा मांड, मन्हा गुरू येल शेत!” ‘गुरू’ या शब्दाने मला बसवेना. मी हाताबद्दल विचारले. त्याने दोन्ही पंजे पुढे केले. मशीनच्या थरथरीने बोटे थंडीत पांढरी पडतात, म्हणाला. अंगठ्यालाही आता काही समजत नाही. त्याने हे अशा स्वरात सांगितले, जणू दुसऱ्याच कोणाच्या हाताविषयी बोलत होता.

ओसरीच्या भिंतीला एक खुंटी होती. तिच्यावर एकच पॅड टांगलेले होते, तोंड भिंतीकडे. माझी नजर तिथे गेलेली पाहून तो हसला, उठला, ते काढून घेऊन आला. सवयीने त्याने त्यावर अंगठा फिरवला, थांबला, पुन्हा फिरवला. मग ते माझ्यापुढे धरून म्हणाला, “तुम्ही दखा बरं, आप्पा. खडा शे का? माले समजत नही आते.”

मी अंगठा फिरवला. कडेपासून मध्यापर्यंत, मध्यापासून कडेपर्यंत. पॅड स्वच्छ होते. ते मला खाली ठेवता येईना.

“नही,” मी म्हणालो. “आज नही. त्या दिन व्हता. तो वारा नव्हता, भाऊ. मी व्हतू. भुईवरनं उचलीसन मीच टांगेल व्हतं. मन्हं चुकनं.”