बीम पडला तेव्हा आम्ही बोर्लीत होतो

बोर्ली पंचतनला पर्यटक थांबतात ते पेट्रोल भरायला, एटीएम शोधायला किंवा दिवेआगरच्या मुक्कामासाठी कांदे-बटाटे घ्यायला. मी मात्र मे महिन्यात खास बोर्लीलाच गेले. काम एकच होतं. एका मुलीच्या आईवडिलांना भौतिकशास्त्र पटवून द्यायचं.

आधी आमच्या ग्रुपबद्दल सांगते. युरोपात जमिनीखाली एक प्रचंड गोल बोगदा आहे. त्यात प्रोटॉनचे दोन झोत, म्हणजे बीम, उलटसुलट दिशांनी फिरवून एकमेकांवर आदळवतात. यंत्र या क्षणी कसं चाललंय ते दाखवणारं एक पान इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं असतं. सगळं ठीक असलं की पानावरची बीमचा जोर दाखवणारी रेघ तासन्‌तास सावकाश उतरत राहते. कुठे काही बिनसलं की यंत्राला इजा होऊ नये म्हणून सगळा बीम एका झटक्यात बाहेर काढून टाकला जातो आणि रेघ सरळ तळाला जाते. त्याला आम्ही ‘बीम पडला’ म्हणतो. थोड्या वेळाने तिथले चालक पानाच्या कोपऱ्यात कारणाची एक ओळ लिहितात. ती ओळ यायच्या आत आपला अंदाज एका शब्दात टाकायचा, हा आमचा खेळ. वीज गेली असेल तर ‘वीज’, चुंबकांना गार ठेवणारी यंत्रणा बिघडली असेल तर ‘थंडावा’, नळीत बीमच्या वाटेत एखादा कण आला असेल तर ‘धूळ’. बरोबर येईल त्याला टाळ्या.

ग्रुपमध्ये नावं बरीच आहेत, पण रोज बघणारे आम्ही तिघंच. नागावचे मधुकाका, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. पनवेलच्या एका पतपेढीत काम करणारी मी. आणि बोर्लीची रुबिना, जिला आम्ही कधी पाहिलं नव्हतं. तिचे अंदाज आमच्यापेक्षा जास्त वेळा बरोबर येत. बारावीचा निकाल लागला आणि तिने लिहिलं, “शुक्रवारी अब्बांना सुट्टी असते, त्या दिवशी फोनवर ठरणार. मामूंचं मेडिकलचं दुकान आहे, म्हणून घरचे डी.फार्म. म्हणतायत. ते ठरलं तर दुकानातच बसावं लागेल.”

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. रोह्याकडच्या आमच्या गावात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करते म्हटल्यावर आईला सगळे विचारायचे, “मंग ती काय व्हनार?” आई काय सांगणार? म्हणून रुबिनाला गेलं वर्षभर मी सांगत आले होते, बी.एस्सी. फिजिक्स कर, मागे हटू नकोस. ती प्रत्येक वेळी होकाराच्या अंगठ्याचं चित्र टाकून मोकळी व्हायची. निकालानंतर मी काकांना फोन केला आणि दोन दिवसांची रजा टाकली.

गुरुवारी पनवेलहून एसटीने अलिबाग आणि तिथून रिक्षाने नागाव. काकांच्या नारळी-पोफळीच्या वाडीत दोन खोल्या पर्यटकांसाठी आहेत. मे महिन्यात गर्दी असते, आधी फोन केल्याशिवाय जाऊ नका. त्या दिवशी मुंबईचं एक कुटुंब उतरलं होतं. काकू त्यांना मोदक वाढत होत्या आणि काका पडवीत लॅपटॉपवर रेघ बघत होते.

“गिऱ्हाईक विचारतंय शेअर बाजार का,” काकू म्हणाल्या. “मी हो म्हटलं. निदान अब्रू राहते.”

शुक्रवारी सकाळी काकांच्या स्कूटरवर निघालो. रेवदंड्याचा पूल, कोर्लई, काशीद, मुरूड. रस्ता बराचसा चांगला आहे, मधल्या काही वळणांवर मात्र खडी पसरलेली होती, दुचाकीवाल्यांनी जपून. काशीदला गाड्यांची रांग लागायच्या आत पुढे सटकलात तर अर्धा वैताग वाचतो. मुरूडमध्ये मिसळ खाल्ली, आगरदांड्याला पोचलो. पलीकडे दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीवर स्कूटर चढवता येते. माणसाचं तिकीट किरकोळ आहे, गाडीचं वेगळं. वेळापत्रकावर फार विसंबू नका. चारचाकी भरल्या की बोट सुटते, असं तिकीटवाल्यानेच सांगितलं.

बोटीवर माझं भाषण मनात चाललं होतं. ज्ञान कोणाच्या मालकीचं नसतं, इथपासून सुरुवात करायची होती.

“एवढं बोलू नकोस,” काका म्हणाले. “टीव्हीला लॅपटॉप जोडू, रेघ दाखवू. ती बघून माणूस गप्प होतो.”

दिघीहून बोर्लीचा रस्ता चढ-उताराचा आहे, पण सावली भरपूर. बाजारपेठेच्या मागच्या आळीत रुबिनाचं घर सापडायला वेळ लागला नाही. दारात तीच उभी होती. ग्रुपवर फटाफट लिहिणारी मुलगी समोर फारसं बोलेना. तिची आई, शमीम खाला, मात्र भरपूर बोलत होत्या. जेवणात तांदळाची भाकरी, सुरमईचं सालन आणि नंतर वाफवलेली गोड सांदणं. ‘नको’ हा शब्द त्या घरात चालत नाही.

“तू हेच शिकलीस ना गो, फिजिक्स?” त्यांनी विचारलं.

“हो खाला.”

“आनि आता?”

“पतपेढीत आहे.”

“तिथं लागतो हा बीम?”

काका भाकरीकडे बघून हसले. मी म्हटलं, नोकरी वेगळी, शिक्षण वेगळं. शिकल्याने जगाकडे बघता येतं. खालांनी माझ्या ताटात अजून एक तुकडा वाढला. “बघ. पन जेव आधी.”

रुबिनाचे अब्बा, इस्माईलभाई, कुवेतला वीज आणि पाणी तयार करणाऱ्या प्लांटमध्ये शिफ्टवर असतात. दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. रुबिनाने फोन टीव्हीसमोरच्या टेबलावर, पाण्याच्या जगला टेकवून ठेवला, म्हणजे त्यांना आम्हीही दिसू आणि पडदाही. काकांनी थोडक्यात यंत्र समजावलं. इस्माईलभाई लक्ष देऊन ऐकत होते. मग मी सुरू झाले. ज्ञान कोणाच्या मालकीचं नसतं, हे वाक्य झालं. बोर्लीत बसून ही मुलगी जगातलं एवढं मोठं यंत्र रोज बघते, हेही झालं. पुढचं वाक्य तोंडात होतं तोच टीव्हीवरची रेघ सरळ खाली गेली.

मी “धूळ” म्हणून ओरडले. काका “वीज” म्हणून जवळजवळ उभेच राहिले. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. तिघांनी एका खोलीत बसून बीम पडताना कधी पाहिला नव्हता, त्यामुळे मला अगदी मनापासून आनंद झाला होता.

रुबिनाने शब्दही टाकला नव्हता.

“काय झालं?” फोनमधून आवाज आला. “बंद पडला ना तो?”

“हो,” काका म्हणाले. “पडला.”

“मग टाळ्या कशाला?”

काका खाली बसले.

“आमच्याकडे युनिट ट्रिप झालं तर शिफ्टवरच्या माणसाच्या तोंडचं पाणी पळतं,” इस्माईलभाई म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “मी बावीस वर्षं तेच करतोय. बंद पडल्यावर हसणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. रुबिना, तुला हे करायचं आहे?”

मी खुलासा करायला तोंड उघडलं. हा खेळ आहे, बीम सुरक्षितपणे बाहेर काढला जातो, कोणाचं नुकसान होत नाही, वगैरे. पण रुबिनाने जगला टेकवलेला फोन उचलून हातात घेतला.

“न्हाय, अब्बा,” ती म्हणाली. “हे बघणारे हायेत. मला प्लांट चालवायचाय.”

ती पुढे सांगत गेली. इन्स्ट्रुमेंटेशनचा, म्हणजे प्लांटवर नजर आणि ताबा ठेवणाऱ्या उपकरणांचा, डिप्लोमा. बारावी सायन्सनंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. कॉलेज कुठलं, बस कुठून, सगळं तिने शोधून ठेवलं होतं. बी.एस्सी.चा उल्लेखही नव्हता. टीव्हीच्या कोपऱ्यात कारणाची ओळ येऊन गेली, ती कोणी वाचली नाही.

“होस्टेल आहे?” इस्माईलभाईंनी शेवटी विचारलं.

“हाय.”

“अम्मीला दाखव. ती हो म्हणाली तर माझं हो.”

“मी आधी संडास बघेन,” खाला म्हणाल्या. “मग हो का न्हाय ते सांगेन.”

निघताना रुबिना स्कूटरपर्यंत आली. तिने माझ्या हातात सांदणांचा डबा दिला. “ताई, तुम्ही इतकं मनापासून सांगायचात की मला नाही म्हणवलंच नाही,” ती म्हणाली. “वाईट वाटलं?”

“नाही,” मी म्हटलं. ते पूर्ण खरं नव्हतं, पण दिघीपर्यंत बरंचसं खरं झालं.

परतीच्या बोटीवर काकांनी फोनवर पान उघडलं. “थंडावा,” ते म्हणाले. “दोघांचंही चुकलं.” मग फोन खिशात ठेवून म्हणाले, “आपल्याला बघणारे म्हणाली.”

“आहोतच की.”

“आहोत. पण असं तोंडावर कोणी म्हटलं नव्हतं.”

रात्री नागावला राहून शनिवारी मी पनवेलला परतले. ज्यांना हा रस्ता करायचा आहे त्यांच्यासाठी: दोन दिवस पुरतात, स्कूटर सर्वांत सोयीची, आणि बोर्लीत बाजार बघायचा तर सकाळी पोचा. दुपारी अर्धी दुकानं मिटलेली असतात.

खालांनी होस्टेल पाहिलं. संडास पास झाले, नळाला त्यांनी नावं ठेवली. रुबिनाला प्रवेश मिळाला.

मी पतपेढीतच आहे. अजूनही मला वाटतं की ते पान सगळ्यांसाठी खुलं आहे ही फार मोठी गोष्ट आहे, आणि कोणीतरी रोज ते बघायला हवं. बोर्लीच्या त्या खोलीतही मी हेच सांगत होते. फक्त तिथे ज्या मुलीला सांगत होते, तिचं बघून झालं होतं.

परवा जेवणाच्या सुट्टीत बीम पडला. मी ‘धूळ’ लिहिलं, काकांनी ‘वीज’. रुबिनाच्या शब्दाची आम्ही वाट पाहिली. कारणाची ओळ आली, खेळ संपला, मी काउंटरवर परत जाऊन बसले. संध्याकाळी तिचा निरोप दिसला: “सॉरी, प्रॅक्टिकल होतं. फोन बाहेर ठेवावा लागतो. काय झालं होतं?”

पहिल्यांदाच ती आम्हाला विचारत होती. मी तिला सविस्तर लिहून पाठवलं.