पहिला घोट

लगडतात्या पाणी प्यायचे नाहीत, आधी चाखायचे. विहिरीवरचा पंप सुरू झाला की पाइपाच्या तोंडाशी ओंजळ धरायचे, एक घोट तोंडात घ्यायचे, डोळे मिटून गालातल्या गालात फिरवायचे आणि गिळायचे. मग म्हणायचे, "गोड हाये." हे रोज सकाळी, चहाच्याही आधी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कळेना, हा माणूस चूळ भरतोय की पूजा करतोय. मी पंपाच्या दुकानातून आलेला मेकॅनिक. पाणी वर आलं की माझं काम संपलं. ते गोड की कडू ही चौकशी माझ्या नोकरीत बसत नव्हती.

हे धैदचं सांगतोय, साल नव्वद. शारजाहून आत, वाळू ओलांडून डोंगराच्या दिशेनं गेलं की हे गाव लागायचं. गाव म्हणजे एक रस्ता, एक चौक, जुना किल्ला, खजुराच्या बागा आणि आमचं पंपाचं दुकान. आम्ही कोकणातली माणसं दुबईला जातो म्हणून निघतो, सगळी आळी एसटीपर्यंत पोचवायला येते, आणि माझ्या नशिबी हे आलं! पहिले आठ दिवस मी कोणाशी धड बोललो नाही. शेठ कच्छी, शेजारचा हॉटेलवाला पठाण, सगळ्यांशी मोडकी हिंदी. नवव्या दिवशी एका शेतावर पंप दुरुस्त करायला गेलो, हातातून पाना निसटून पायावर पडला आणि तोंडातून अस्सल राजापुरी शिवी गेली. लिंबाच्या झाडाआडून आवाज आला, "आरं, कुठला म्हनायचा तू?"

असे भेटले तात्या. श्रीगोंदा तालुक्यातले, लिंबांच्या मुलखातले. पन्नाशीच्या आतबाहेरचे, सडपातळ, डोक्याला अरबी रुमाल पण बांधलेला नगरी पद्धतीनं. अरबाबनं, म्हणजे शेताच्या मालकानं (तिकडं मालकाला सगळे अरबाबच म्हणतात), त्यांना लिंबाची बाग उभी करायला आणलं होतं. त्यांनी गावाहून रुमालात बिया बांधून आणल्या होत्या. त्या बियांची आता डोक्याएवढी झाडं झाली होती. विहिरीशेजारी पत्र्याची खोली, तीत एक खाट, एक स्टोव्ह आणि भिंतीवर बायकोची पत्रं खोचलेली तार. आसपास मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्या दिवसापासून माझा शुक्रवार, म्हणजे तिकडचा सुट्टीचा वार, तात्यांचा झाला.

पाण्याची गोष्ट त्यांनी मला पहिल्याच शुक्रवारी समजावली. पूर्वी या गावाला डोंगरातून पाट यायचा, जमिनीखालून खोदलेला, मैलोन् मैल, गावात शिरल्यावर उघडा. त्यावर हे गाव वसलं. मी आलो तोवर तो आटला होता. काही म्हातारे मात्र सवयीनं त्याच्या कोरड्या काठावर येऊन बसायचे. आता सगळी भिस्त विहिरींवर. विहीर खोल गेली की पाणी खारं होतं आणि लिंबाला खारं सोसत नाही, पानाची टोकं आधी जळतात. "म्हून रोज चाखायचं," तात्या म्हणाले. "पन पहिला घोट खरा, बरं का मेस्त्री. दुसऱ्या घोटाला जिभेला भीड पडती."

त्यांच्या जिभेची ख्याती होती. नवी विहीर लागली की लांबलांबचे शेतमालक बाटलीत पाणी भरून घेऊन यायचे. तात्या एक घोट घ्यायचे आणि सांगून टाकायचे, इथं खजूर लाव, इथं चारा कर, इथं काहीच लावू नको. समोरच्याचा चेहरा पडला तरी गुळमुळीत बोलायचे नाहीत. एकदा एका अरबानं विहिरीपायी फार खर्च केलेला होता, तो "इन्शाल्ला, गोड होईल," म्हणाला. तात्या आपल्या हिंदीत म्हणाले, "इन्शाल्ला होगा तब होगा, आज तो खारा है." तो माणूस रागानं निघून गेला आणि वर्षभरानं खजुराची टोपली घेऊन आला. ही जीभ बिघडू नये म्हणून तात्या बाटलीबंद पाण्याला शिवायचे नाहीत. बाटलीतलं पाणी मेलेलं असतं म्हणायचे. प्यायला, चहाला, भाताला, सगळ्याला त्याच विहिरीचं पाणी.

बघता बघता धैद वाढलं. रस्ता रुंद झाला, मधोमध झाडं आली, दवाखाना, शाळा, बँक, सिग्नल. शुक्रवारी रस्त्याच्या कडेला फळांच्या टपऱ्यांची रांग लागायची आणि शारजा-दुबईच्या गाड्या थांबायच्या. शेतांची संख्या वाढली तशा विहिरी वाढल्या. मला हे सगळं पाइपांवरून कळायचं. ज्या विहिरीत गेल्या साली चार पाइप उतरवले तिथं यंदा सहा लागायचे, मग आठ, मग मोठा पंप. शेठ खूश. पाणी खाली गेलं की आमचा धंदा वर यायचा. तात्या मला चिडवायचे, "तू आमची विहीर खोल करतोस आन् वर शुक्रवारी भाकरीही खातोस." मी हसायचो. भाकरी खरंच खायचो. त्यांच्या हातच्या भाकरीसाठी मी सायकल हाणत भर उन्हात जायचो, आता खोटं कशाला बोलू!

जेवण झालं की ते बायकोचं पत्र वाचून दाखवायचे. तिला लिहिता येत नसे, शाळेतल्या गुरुजींना सांगून लिहवायची. त्यामुळे पत्र सुरू व्हायचं "तीर्थस्वरूप"नं आणि शेवटाला येता येता तिचं बोलणं लागायचं: लिंबं तोडायला माणूस मिळत नाही, गायीनं लाथ मारली, तुम्ही कधी येताय ते एकदाचं सांगा. तात्या शेवटचं वाक्य वाचायचे नाहीत, पत्र घडी करून ठेवायचे. पण मला ते पाठ झालं होतं. उन्हाळ्यात झाडं सोडून जाता येत नाही, हिवाळ्यात तोडणी असते, असं करत सात वर्षांत ते एकदाच गावी गेले होते, लेकीच्या लग्नाला.

सत्त्याण्णव साली मी दोन महिन्यांची रजा काढून राजापूरला गेलो. मी परत आलो तो दिवस शुक्रवारच होता. बॅग खोलीवर टाकली आणि तडक शेतावर गेलो. तात्या पाण्याचा पेला घेऊन वाटेवर उभे होते. नेहमीसारखं हसले नाहीत. अरबाब म्हातारा झाला होता, त्यानं सांगितलं होतं की पाणी अजून गोड असेल तर मागच्या मोकळ्या जमिनीत नवी बाग लाव. नसेल तर ही तोडणी झाली की बाग बंद, तू सुखानं घरी जा. निर्णय त्यानं तात्यांच्या जिभेवर सोडला होता.

"मला तर गोडच लागतंय," तात्या म्हणाले. "पन चारदोन झाडांची टोकं जळल्यात. वारं बाधलं असंल. तू ताज्या जिभेचा आलाईस. सांग."

मी पहिला घोट घेतला आणि मला कळलं. खारट होतं. समुद्रासारखं नव्हे, पण जिभेच्या कडेला झोंबेल इतकं. दोन महिने आमच्या परसातल्या विहिरीचं पाणी प्यायलो नसतो तर मलाही कळलं नसतं, कारण धैदच्या नळालाही तेव्हा असल्याच विहिरींचं पाणी होतं. खार वर्षावर्षानं, कणाकणानं चढला होता आणि तात्यांची जीभ त्याच्याबरोबर पायरी पायरी चढत गेली होती. ज्या पाण्यासाठी त्यांनी दुसरं पाणी वर्ज्य केलं, त्याच पाण्यानं त्यांना फसवलं. अरबाबचंही तेच. तो जन्मापासून तिथलंच पाणी प्यायलेला.

मी दुसरा घोट घेतला. समोर तात्या, मागं ती पत्र्याची खोली, स्टोव्हवर तवा. हे गेले तर? शुक्रवारी मी कुठं जाणार, कुणाशी बोलणार? एवढ्या वाळूत मी एकटा उरेन, याची मला धास्ती वाटली.

"गोड आहे, तात्या," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उजळला. त्याच आठवड्यात त्यांनी नव्या बागेसाठी खड्डे घ्यायला सुरुवात केली आणि बायकोला पत्र टाकलं की अजून दोन वर्षं. आठ दिवसांत माझीही जीभ सरावली. मग मला ते पाणी गोडच लागू लागलं आणि मी स्वतःला सांगितलं की मी काही खोटं बोललो नव्हतो.

पुढच्या साली पावसाळ्यात तात्यांची बायको गेली. तीन दिवस ताप आला, एवढंच. दुकानाच्या फोनवर निरोप आला आणि तो मीच घेतला. मीच सायकल मारत शेतावर सांगायला गेलो. ते नव्या रोपांना पाणी देत होते. ऐकलं, रबरी नळी खाली ठेवली, आणि म्हणाले, "पत्राला उत्तर द्यायचं राहिलं." विमान मिळून गावी पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. तेराव्यानंतर परत आले, कारण रोपं लहान होती, पण पुढं महिनाभर त्यांनी पाणी चाखलंच नाही. ती तार भिंतीवर तशीच होती. शेवटचं पत्र त्यांनी घडी न करता ठेवलं होतं.

रोपांनी जीव धरला नाही. आधी टोकं जळली, मग पानं पिवळी पडून गळाली, मग जुनी झाडंही. तात्या कधी वाऱ्याला दोष द्यायचे, कधी नव्या रस्त्याच्या धुळीला. नव्व्याण्णवमध्ये मी पुन्हा रजेवरून आलो त्याच आठवड्यात अरबाबचा मुलगा दुकानात आला. तो दुबईत राहायचा. त्यानं पाण्यातला क्षार मोजायचं यंत्र घेतलं आणि मला म्हणाला, यल्ला, चल, लावून दाखव. विहिरीवर यंत्र पाण्यात धरलं. काटा सरळ तांबड्या भागात गेला. मुलगा मान हलवून गाडीकडे फोन करायला गेला. तात्या यंत्राकडे बघत राहिले.

"बिघडलंय ते," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू परवाच गावाकडनं आलास. तू चाख."

मी चाखलं. या वेळी दुसरा घोट घेतला नाही. "खारट आहे, तात्या. मागच्या खेपेलाही होतं."

"मग तवा का नाय बोलला?"

"तुम्ही निघून गेला असतात."

मला वाटलं, आता हाकलून देतील. दिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पायाखालची माती अंगठ्यानं उकरली. मग म्हणाले, "चहा टाक." मी स्टोव्ह पेटवला. तो चहा आम्ही प्यायलो, त्याच पाण्याचा, आणि बायकोचं नाव दोघांपैकी कोणी काढलं नाही. महिन्याभरात ते कायमचे गेले. बसपर्यंत मीच सोडायला गेलो. जाताना त्यांनी मला स्टोव्ह दिला आणि तवा दिला. शुक्रवार मात्र कसा काढायचा ते नाही सांगितलं. पुढं त्या जमिनीवर प्लॉट पडले, बंगले उठले. धैदच्या नळाला आता समुद्राचं गोडं केलेलं पाणी येतं म्हणतात. मी दोन हजार एक साली नोकरी बदलून तिथून निघालो. खरं सांगतो, तात्या गेल्यावर ते शहर माझ्यासाठी रिकामंच होतं, कितीही सिग्नल लागले तरी.

दोन हजार तीनच्या रजेत हिय्या करून श्रीगोंद्याला गेलो. लेक सासरी, मुलगा पुण्याला. तात्या एकटेच ओसरीवर बसले होते. ओळखलं, उठले, आतून पाणी आणलं. मला तांब्या दिला आणि स्वतःच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकून बोटानं ढवळलं. मी बघतच राहिलो. "त्याबिगर उतरत नाय," ते म्हणाले. "गोड्या पान्यानं तहान भागल्यासारखी वाटत नाय. चार वर्सं झाली, जीभ काय परत आली नाय." कुरकुर नव्हती त्यात. मला मात्र माझा तांब्या पुरा करता येईना.

तेवढ्यात शेजारचा नवनाथ पेला घेऊन आला. त्याच्या रानात आदल्या दिवशी बोअर लागली होती, अंगावरची माती अजून धुतली नव्हती, तोंड हसरं. गावात अजून समज होता की तात्या दुबईला पाण्याची पारख करायला होते. त्यानं पेला पुढं केला, लिंबाची बाग लावायचीय म्हणाला. तात्यांनी पेला हातात घेतला, थोडा वेळ धरून ठेवला आणि माझ्यापुढं केला.

"ह्यो सांगंल," ते म्हणाले.

मी घोट घेतला. नवनाथ माझ्या तोंडाकडे बघत होता. तात्या बघत नव्हते. ते समोर अंगणात नजर लावून बसले होते. पाणी वाईट नव्हतं, पण जिभेच्या कडेला ती जुनी ओळखीची झोंब होती.

"मचूळ आहे," मी म्हणालो. "यावर लिंबं नका लावू."

नवनाथचा चेहरा पडला. तो उरलेलं पाणी अंगणात ओतून पेला माझ्याच हातात ठेवून निघून गेला. तात्यांनी माझ्या हातातला रिकामा पेला काढून घेतला.

"बघ," ते म्हणाले, "जमतं की तुला."