हा कर

ही गोष्ट मी आजवर टाळली. घरात टाळली, पाहुण्यांत टाळली. बंगल्यावरची नोकरी का सोडली असं कुणी विचारलं, की म्हणायचो, पाठ दुखायची. पाठ कधीच दुखली नाही.

गंगापूर रोडला एका साहेबांकडे मी ड्रायव्हर होतो. आधीचा ड्रायव्हर पिऊन यायचा, म्हणून साहेबांनी नियम केला होता. सकाळी पोर्चमध्ये उभं राहायचं, तोंड उघडायचं, साहेबांच्या नाकासमोर श्वास सोडायचा. मग गाडीची किल्ली मिळायची.

"हा कर."

मी दारूला कधी शिवलो नव्हतो. तरी करायचो. साहेबांच्याच तोंडाला रात्रीचा वास असायचा. तो मला यायचा. पण माझ्या नाकाला तिथं किंमत नव्हती.

साहेबांचा मुलगा दुसरीत होता. त्याला हा खेळ वाटायचा. एकदा पाहुण्यांसमोर तोच पुढे आला. "ए ड्रायव्हर, हा कर." पाहुणे हसले. साहेबही हसले. मी गुडघ्यांवर हात ठेवून वाकलो आणि त्या पोरासमोर तोंड उघडलं. त्यानं नाक दाबलं. म्हणाला, "पास."

मान वर केली तर फाटकात माझा मुलगा उभा. मी विसरलेला डबा घेऊन सिडकोतून सायकलवर आला होता. नववीत होता. डबा फाटकाला अडकवला आणि गेला.

त्या संध्याकाळी तो उशिरा घरी आला. टपरीवर मोठ्या पोरांत दिसला, असं चाळीतल्या कुणीतरी सांगितलं होतं. मी दारात आडवा उभा राहिलो. विचारायला हवं होतं, कुठं होतास, सकाळी ते बघून काय वाटलं तुला. माझ्या तोंडून निघालं, "हा कर."

त्यानं माझ्याकडे बघितलं. ती नजर अजून डोळ्यांसमोरून जात नाही. मग त्यानं तोंड उघडलं.

पुढे ते रोजचं झालं. शेजारी बाहेर असले की मी मुद्दाम मोठ्यानं म्हणायचो. समोरचे काका म्हणायचे, "आरटीओ बसलाय रे दारात, लायसन काढ." सगळे हसायचे. तो हा करायचा आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा.

बायको सांगत होती. "अहो, तो धड जेवत नाही. बोलताना जीभ जड होते त्याची. जवळ बसून विचारा ना एकदा."

"वास येतो का? नाही ना? मग झालं."

एक दिवस एका रिक्षावाल्यानं त्याला सिव्हिलला आणून टाकलं. रस्त्याकडेला पडला होता. खिशात झोपेच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. पोरं तिला कुत्ता गोळी म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. तो शुद्धीवर आल्यावर मी म्हणालो, "अरे, मी रोज बघत होतो."

तो म्हणाला, "आण्णा, गोळीला वास नसतो. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

दवाखान्यातून मी थेट कामावर गेलो. साहेब पोर्चमध्येच होते. "कुठं उलथला होतास? हा कर."

"नाही करणार."

"म्हणजे पिऊन आलास."

"तसं समजा. पण हा करणार नाही."

परत फिरलो. चालत घरी आलो. साहेबांना नाही म्हणता आलं. मुलाला मात्र काहीच म्हणता आलं नाही.

त्याला त्याच्या आईनं सावरलं. शेजारी बसून बसून, वर्षानुवर्षं. आता ती नाही. तो स्कूलव्हॅन चालवतो. त्याच दोन खोल्यांत तो, त्याची बायको-पोरगा आणि मी राहतो. तो मला बीपीच्या गोळीची आठवण करतो, मी त्याच्यासाठी चहा झाकून ठेवतो. त्या दिवसांचं सोडून बाकी सगळं बोलतो.

परवा नातू क्लासहून उशिरा आला. तोही आता नववीत आहे. माझा मुलगा उठला आणि दारात आडवा उभा राहिला. चौकटीवरचा तो हात हुबेहूब माझा होता.

"हा कर."

मी खाटेवरून उठलो. दोघांच्या मध्ये उभा राहिलो.

"नाही. या घरात आता कुणी कुणाचा वास घेणार नाही. दार लाव. खाली बस. त्याला विचार, आणि तो सांगेल ते पुरतं ऐक. हात उचलायचा नाही."

त्यानं दार लावलं. बसला. पोराला जवळ बसवलं. मग नातू म्हणाला, "ग्राउंडवर मोठी पोरं ओढायला देतात. नाही म्हटलं तर खेळायला घेत नाहीत."

"तू ओढलंस?"

"दोनदा."

मुलाची मूठ वळली. मग सुटली. "बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला. "उद्या मी येतो ग्राउंडवर. ते घेत नसतील तर आपण दोघं खेळू."

मी आहे तोवर या उंबऱ्यावर ते शब्द पुन्हा ऐकू येणार नाहीत. मुलाच्या ओठांवर आले तरी मी असाच मध्ये उभा राहीन.

नातू हातपाय धुवायला मोरीत गेला. मुलगा माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही.

"आण्णा, हे तेव्हा का नाही सुचलं?"

दोनच शब्द होते. चुकलं माझं. मी त्याच्याजवळ गेलो, तोंड उघडलं. शब्द आला नाही. त्याच्या तोंडावर नुसता माझा श्वास गेला.