दुसऱ्याच्या वाटणीचा गोटा

मी लालसूच्या गावी निघालो होतो ते साक्षीला नाही म्हणायला. धानोऱ्याच्या दवाखान्यात मी ड्रेसर होतो तेव्हा लालसूला खाटेवर घालून आणले होते. जंगलातल्या बंदूकवाल्या माणसांना जेवू घातले या संशयावरून त्याला पोलीस ठाण्यात डांबून तळपायांवर मारले होते. जखमा मीच धुतल्या. डॉक्टरसाहेब म्हणाले, मोहाच्या झाडावरून पडला. मी गप्प राहिलो. आता चंद्रपूरच्या एका वकिलाने त्याच्यासाठी न्याय आणि नुकसानभरपाई मागितली होती, आणि साक्षीदार मी एकटाच होतो. “बालबच्चेवाले आहात, कशाला पडता यात?” असे वरचे साहेब दोनदा बोलून गेले होते.

घरी रोज बुद्धवंदना होई. खोटे न बोलण्याचे शील म्हणताना माझा आवाज आपोआप खाली जाई. ते फक्त बायकोच्या लक्षात आले होते.

बसमधून उतरून चालू लागलो आणि वाट चुकलो. मोहफुले वेचणारी एक म्हातारी दिसली.

“काऊन फिरून राह्यला रे भाऊ? वाट नाई सापडत?”

मी गाव सांगितले तशी ती पुढे चालू लागली. दोन वाटा मिळतात तिथे दगडांचा ढीग होता. येणारा-जाणारा तिथे एक दगड ठेवतो, म्हणजे वाट सुखरूप राहते, अशी तिथली रीत.

“गोटा ठेव.”

“बाई, मी देव मानत नाई.” लहानपणी वडिलांसोबत दीक्षा घेतली तेव्हाच ते सुटले होते.

“मानू नोको. गोटा ठेव.”

मी ठेवला. तिने दुसरा पुढे केला. “हा माह्या पोराचा. लालसूचा. त्याचे पाय इथपावतर येत नाई आता. जो भेटल त्याच्या हातून ठेवून घेतो मी.”

त्या ढिगात त्याच्या नावाचे किती दगड होते कोण जाणे. ओळखदेख नसलेल्या माणसांनी ते ठेवले होते, आणि ज्याने त्याचे पाय हातात घेतले होते तो मी नाही म्हणायला आलो होतो. तो दगड मी ढिगावर नीट बसवला. तिने मला ओळखले होते का, हे मी कधी विचारले नाही.

झोपडीत लालसू भिंतीला टेकून बसला होता. मला पाहून हसला. “पट्टीवाला भाऊ आला. मले वाटे, मेला असन.”

“येतो कोर्टात,” एवढेच मी म्हणालो.

साक्षीच्या पिंजऱ्यात समोरच्या वकिलाने मला विचारले, हा माणूस झाडावरून पडलेला असू शकतो की नाही? मी म्हणालो, “पडला असता तर तळव्यांवर काठीचे वळ उठले नसते. ते मी धुतले आहेत.” आवाज खाली गेला नाही.

पुढे माझी बदली गोंडपिपरीला झाली. निकाल अजून लागायचा आहे. तो लागेपर्यंत दर तारखेला मी कोर्टात जाणार. वंदनेतला ‘सरणं’ हा शब्द मी जन्मभर म्हटला, पण परत फिरायची वाट आपल्या हाताने बंद करणे म्हणजे शरण जाणे, हे मला त्या ढिगापाशी उमगले. ज्या कृपेने माझी वाट चुकवली तिला मी नाव देत नाही, फक्त हात जोडतो.

गेल्या तारखेआधी पुन्हा तिकडे गेलो. आसपासच्या गावांतली मार खाल्लेली माणसेही आता बोलायला तयार झाली होती. बाईने माझी ओंजळ गोट्यांनी भरली.

“ठेव भाऊ. हे त्याइचे.”